मालनबाईंचे पांढरे दात

मालनबाई गेल्या त्याला दीड वर्ष झालं. अजूनही दवाखान्यात जुनं कुणी आलं की दारातूनच विचारतं, "त्या बाई कुठायत?" मी पदवी घेतलेली, भिंतीवर दोन प्रमाणपत्रं टांगलेली, पांढरा कोट घालून समोर उभी असते, आणि माणसं विचारतात, त्या बाई कुठायत! पूर्वी मला याचा राग यायचा. आता येत नाही. मी "नाहीत आता" एवढंच म्हणते आणि खुर्चीकडे हात करते.

त्या कशाने गेल्या तेही सांगून टाकते, नाहीतर पुढे सांगायचा धीर होणार नाही. तोंडाच्या कॅन्सरने. दातांच्या दवाखान्यात सोळा वर्षं काम केलेली बाई, रोज माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहणारी, तोंडाच्या कॅन्सरने गेली. आणि मला तो दिसला नाही. लोक म्हणतात, स्वतःला दोष देऊ नका. देऊ नका म्हणायला काय जातंय त्यांचं!

माझा दवाखाना हडपसरला, गाडीतळापासून पाच मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान. मालनबाई मांजरी गावच्या. सकाळी बसने यायच्या, माझ्या आधी तासभर. दवाखाना झाडायचा, हत्यारं निर्जंतुक करायची, पेशंटच्या गळ्यात कागदी लाळेरं बांधायचं, तोंडातली लाळ ओढणारी नळी धरायची, ही त्यांची कामं. बाकी बोलणं हे त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं काम. त्यांची जाऊ त्यांना चिडवायची, "दात कोरून कुनाचं पोट भरलंय का वो?" त्यावर त्या म्हणायच्या, "आमचं भरतंय की!"

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचे स्वतःचे दात काळे होते. मिश्रीने. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून बारीक करायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दातांना, हिरड्यांना लावून बसायचं. त्याशिवाय कितीतरी बायकांची सकाळ उजाडत नाही. मी तेव्हा नवीन होते, आणि नव्या डॉक्टरला जेवढा शहाणपणा सुचतो तेवढा सगळा मला सुचत होता. मी तोंडावरच सांगितलं, "हे बघा, दातांच्या दवाखान्यात मिश्रीवाली बाई मला चालणार नाही. सोडणार असाल तर उद्यापासून या."

"सोडली," त्या म्हणाल्या.

"अहो, अशी लगेच कशी सुटेल?"

"तुमी म्हनला ना सोडा? मग सोडली!"

मला ते उत्तर फार आवडलं. मी दोन दिवस खपून त्यांचे दात साफ केले. आधी मशिनने किटण काढलं, मग प्युमिसची खरखरीत पावडर लावून फिरत्या ब्रशने चकचकीत केले. काळ्या थराखालून असे एकसारखे, रेखीव दात निघाले की मीच बघत राहिले. त्यांच्या हातात आरसा दिला तर म्हणाल्या, "आगं बया! हे माजंच हायेत व्हय?" आणि तोंडावर हात धरून हसल्या. मी त्यांचा हात खाली ओढला. म्हटलं, "मालनबाई, आता झाकायचं नाही हं."

त्या दिवसापासून त्या माझ्या दवाखान्याचा नमुना झाल्या. दात पिवळे, काळे, तपकिरी झालेला कुठलाही माणूस "डॉक्टर, याने खरंच फरक पडतो का हो?" असं कुरकुरला की मी म्हणायची, "मालनबाई, जरा दाखवा." की त्या मास्क खाली करून हसायच्या. मी सांगायची, "या मिश्री लावायच्या. बघा आता." पेशंट आ करायचा. माझी कॉलर ताठ. हे मी सोळा वर्षं केलं. किती वेळा केलं असेल याचा विचार आता मनात आला की मी उठून दुसरं काहीतरी काम काढते.

दातांवरच्या डागाची पारख मात्र त्यांची अस्सल होती. मी शिकून आले ते पुस्तकातून. त्या शिकल्या माझ्या खांद्यावरून बघून, आणि माझ्या पुढे गेल्या. "डाग दोन जातीचं," त्या पेशंटला समजावायच्या. "एक वरचा, एक आतला. चहाचा, पानाचा, तंबाकूचा त्यो वरचा. त्यो घासून जातो. आतला न्हाई जात. तितं मॅडमचं काम." एवढ्या सोप्या भाषेत आमच्या सरांनीही आम्हाला कधी शिकवलं नाही.

एकदा पेठेतले एक निवृत्त गृहस्थ आले. पुढचा एकच दात करडा-काळा. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "बाकीच्या एकतीस दातांना तोच चहा पाजला, मग यानेच काय पाप केलं?" मी एक्स-रेची तयारी करत होते. मालनबाई लाळेरं बांधता बांधता म्हणाल्या, "लहानपनी मार बसलाता का याला?"

त्यांनी दाताला बोट लावून पाहिलं. मग आठवलं. विटी लागली होती, पाचवीत असताना. मालनबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्यांना सांगितलं की मार बसून दाताची नस मरते, आतलं रक्त दातातच मुरतं आणि दात हळूहळू काळवंडतो; वरून कितीही घासा. रूट कॅनाल करून आतूनच औषध भरून तो उजळवता येतो, नाही जमलं तर वर कॅप.

"म्हणजे पन्नास वर्षं मी मेलेला दात घेऊन हिंडतोय?" गृहस्थ म्हणाले. "आणि मला पत्ता नाही?"

"त्यो बोलत न्हाई ना," मालनबाई म्हणाल्या. "दुकत असतं तर सांगितलं असतं त्यानं."

गृहस्थ हसले, मीही हसले.

दुसरा एक मुलगा आठवतो. यवतमाळकडचा, मगरपट्ट्यात आयटीत. दातांवर तपकिरी पट्टे आणि खडूसारखे पांढरे ठिपके. "मॅडम, व्हाइटनिंगची तीन किट ऑनलाइन मागवली. सगळी वेस्ट. तुम्ही लेझर करता का?" तोंडावर मूठ धरून बोलायचा.

"गावाला पानी बोअरचं का रं?" मालनबाईंनी विचारलं.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तुज्या भनीचं बी असंच आसंल."

मुलगा खाली बघत म्हणाला, "हो. तिचं लग्न जमत नाहीये त्यामुळे."

त्या पाण्यात फ्लोराइड जास्त. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते त्यात बसतं, त्यामुळे वरून घासून काही होत नाही. घासणाऱ्याचा काही दोष नसतो हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. घरी त्याला आळशी म्हणायचे. हलके डाग वरचा पातळ थर खरवडून आणि ब्लीच करून कमी होतात. त्याच्यासारखे गडद असतील तर दातावर पापुद्र्यासारखं पातळ कवच चिकटवावं लागतं. रंगाची पट्टी, म्हणजे दातांच्या वेगवेगळ्या छटांचे नमुने लावलेली पट्टी असते आमच्याकडे, ती समोर धरल्यावर त्याने सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं. मालनबाई त्याला दंडाला धरून खिडकीशी घेऊन गेल्या. उन्हात त्याच्या ओठाशी एक एक नमुना लावून बघितला. "ह्यो न्हाई. ह्यो लावलास तर लोकं म्हनतील बशी लावली. दात दुधावानी नसतो बाबा, सायीवानी असतो." त्याने त्यांचं ऐकलं. सहा महिन्यांनी तो बहिणीला घेऊन आला, आणि तिने माझ्याकडे नाही, मालनबाईंकडे बघून विचारलं, "ताई, मला कोणता रंग?"

नवरीमुलींना तर त्या छळायच्या. लग्नाच्या आठवडाभर आधी दात उजळवून घ्यायला मुली येतात. ब्लीच झालं की काही दिवस रंगाचं काही खायचं नसतं, चहा नाही, हळदीची भाजी नाही, बीट नाही. दात तेवढे दिवस रंग धरतात. मी एक छापील कागद द्यायची. मालनबाई तो बाजूला ठेवून सांगायच्या, "दहीभात, इडली, दूध. वरन न्हाई. हळदीच्या दिवशी आत्या-मावश्यांनी लाडानं तोंडात हळदीचा हात घातला तर चाव." एकीने व्हिडिओ बघून आठवडाभर कोळसा आणि लिंबू घासलं होतं. दातांचं मूळचं कवचच झिजलं आणि आतला पिवळा थर दिसायला लागला. मालनबाई तिच्यावर जाम कडाडल्या. "भांडी हायेत का ती? घासून घासून पांढरं होत न्हाईत, पातळ होत्यात!"

आता त्या वाक्यापाशी मी अडखळते. कारण तेव्हा त्या स्वतः काय करत होत्या ते मला माहीत नव्हतं.

आमच्याकडची प्युमिसची पावडर भराभर संपायची. मी पुरवठादाराला फोन करून झापलं, डबे अर्धवट भरता का म्हणून. तो बिचारा शपथा घ्यायचा. मग एकदा स्वारगेटचा चौक कसा कोण जाणे मोकळा सापडला आणि मी अर्धा तास आधी पोचले. दार लोटलं तर मालनबाई खुर्चीत बसलेल्या, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात फिरता ब्रश, स्वतःचे दात घासतायत. मला बघून ताडकन उठल्या. ब्रश हातातच फिरत होता.

"हौस वो मॅडम," त्या म्हणाल्या. "लोकांना दावायचं असत्यात ना."

मी हसले. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्या दवाखान्याची किती काळजी आहे या बाईला! मी म्हटलं, "करा, करा. पण रोज नको हं, दात झिजतील. आणि पावडर जपून." आणि कोट घालायला आत गेले. त्या क्षणी नुसतं "आ करा बघू" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. दोन मिनिटांचं काम. मी पावडर जपून वापरा म्हणाले.

पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी डब्यात ठेचा आणणं बंद केलं. भाकरी दुधात कुस्करून खायच्या. मी म्हटलं, "पित्त झालंय तुम्हाला, उपाशी राहत जाऊ नका." त्या हो म्हणाल्या. चहा गार करून प्यायला लागल्या. मास्क जेवायच्या वेळीच काय तो निघायचा. "मालनबाई, जरा दाखवा" म्हटलं की मात्र लगेच खाली करायच्या आणि हसायच्या. दात तसेच, स्वच्छ.

होळी झाल्यावर एक दिवस, पेशंट संपल्यावर, त्या म्हणाल्या, "मॅडम, माजा खालचा एक दात हलतोय. बगता का?"

ते सुरुवातीचे दोन दिवस सोडले तर सोळा वर्षांत त्या पहिल्यांदाच माझ्या खुर्चीत पेशंट म्हणून बसल्या. दात हलत होता खरा. मी खालचा ओठ बोटाने खाली ओढला. ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत, मिश्रीचं बोट जिथे टेकतं बरोबर तिथे, कडा उचललेली जखम होती. हाताला दगडासारखी कडक लागली. कुठल्याही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ओळखली असती.

"केव्हापासून आहे हे?"

"दिवाळीच्या आदीपासनं. पयलं नुसतं पांढरं व्हतं."

"मालनबाई, मिश्री परत कधी सुरू केलीत?"

 छताकडे बघतच त्या म्हणाल्या, "सोडलीच कवा व्हती?"

रोज पहाटे घरी लावायच्या, इथे येऊन रोज घासून टाकायच्या. पहिल्या आठवड्यापासून. मी ओरडले. अहो, सांगितलं का नाही? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

"पयल्यांदा कामाच्या भीतीनं न्हाई सांगितलं," त्या म्हणाल्या. "मग तुमी समद्यास्नी माजे दात दावायला लागला. कौतिक करायला लागला. मग कुटल्या तोंडानं सांगू?" पुढे म्हणाल्या, "आन् मला वाटलं, डाग घासून गेला म्हंजी मिश्री बी गेली. रोजची रोज साफ करतेय की."

वरचा डाग घासून जातो हे त्यांना माझ्याच दवाखान्यात कळलं होतं. मिश्रीवाली बाई खुर्चीत बसली की दातांकडे बघायच्याही आधी मी तिचा ओठ उलटून बघते. ती माझी सवयच आहे. मालनबाईंच्या दातांवर डाग नव्हता, म्हणून मी त्यांचा ओठ कधी उलटला नाही. शाळांमधून शिबिरं घेतली, सोसायट्यांच्या वॉचमनची तोंडं तपासली, झेरॉक्सवाल्याच्या सासूलाही सोडलं नाही. आणि घरचीच राहिली.

तपासणीचा निकाल यायचा तोच आला. खालच्या जबड्याचा पुढचा भाग काढावा लागणार होता, दातांसकट. मी मोठ्या इस्पितळात त्यांच्याबरोबर जात होते, फॉर्म भरत होते, डॉक्टरांशी माझ्या भाषेत बोलत होते. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी त्या दवाखान्यात आल्या. नेहमीसारख्या बसने, एकट्या. म्हणाल्या, "एकदा साफ करून द्या दात."

"अहो मालनबाई, परवा काढायचेच आहेत ना ते. आणि दुखेल."

"तरी बी."

मी जखमेला धक्का लागू न देता एक एक दात पुसला. मशिन वापरलं नाही, ओल्या कापसाने आणि अगदी मऊ ब्रशने. तासभर लागला. मास्कच्या आत मला रडू आवरत नव्हतं आणि चष्म्यावर वाफ धरत होती. झाल्यावर आरसा मागून घेतला. बराच वेळ बघितलं. "ग्वाड दिसत्यात न्हाई?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. मला त्यांची माफी मागायची होती, ते शब्द काही निघाले नाहीत. आजवर मी त्यांना "मला माफ करा" म्हणालेली नाही. आता म्हणून काय उपयोग?

ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले. बोलणं गेलं. नाकातून नळी घालून दूध आणि पेज द्यायचे. मी दर रविवारी मांजरीला जायची. त्या चेहऱ्याचा खालचा भाग पदराने घट्ट गुंडाळून बसायच्या. स्वतःच्या मुलालाही दाखवायच्या नाहीत. जखमेची पट्टी बदलायची तर भिंतीकडे तोंड करून स्वतः बदलायच्या. मी डॉक्टर, पण मलाही हाताने थांबवायच्या. मी पेठेतल्या, बाजारातल्या गप्पा सांगायची, त्या मान डोलवायच्या. दुखणं परत आलंय हे तोवर कळलं होतं. त्यांनाही.

अशाच एका रविवारी दुपारी त्यांची जाऊ सुशीला माझ्यासाठी चहा घेऊन आली. तीच ती, चिडवणारी. कप ठेवताना काहीतरी बोलली, आणि मालनबाईंनी एकदम माझं मनगट धरलं. सुशीलाच्या तोंडाकडे बोट केलं. सुशीलाचे दात काळे होते.

"सुशीलाबाई, बसा जरा," मी म्हटलं. "तोंड बघते."

"मला काय धाड भरलीया!" ती म्हणाली. "माजं कायबी दुकत न्हाई. आन् आता कुटं एवडी लावते? सकाळची एकदाच." आणि आत निघाली.

मालनबाई उठल्या. त्यांना धरून उठवावं लागायचं, त्या दिवशी आपल्या आपण उठल्या. भिंतीला हात लावत आतल्या दारापर्यंत गेल्या, सुशीलाच्या वाटेत उभ्या राहिल्या, आणि पदर सोडला.

त्यांचा चेहरा कसा होता ते मी लिहिणार नाही. ओठाखाली जे असायला हवं ते नव्हतं, एवढंच. सुशीलाने तिथेच जमिनीवर बसकण मारली. "आक्का," म्हणाली, "आक्का, झाका वो." मालनबाईंनी झाकलं नाही. मानेनेच मला खूण केली.

गाडीत हातमोज्यांचा डबा होता तो मी आणला. सुशीलाने तोंड उघडलं, मी तिचा खालचा ओठ उलटला. आत पांढरा चट्टा होता, नखाएवढा. मऊ. जखम नाही, गाठ नाही, कडकपणा नाही.

"मिश्री आजपासून बंद," मी म्हटलं. "उद्या सकाळी माझ्याकडे या. इथला तुकडा काढून तपासायला पाठवू. वेळेवर सापडलंय."

सुशीला रडायला लागली. मला वाटलं मालनबाई आता बसतील. त्या बसल्या नाहीत. नाकातल्या नळीचं टोक त्यांनी कानामागे खोचलं, चपला न घालता ओसरीवरून खाली उतरल्या. आमच्यापैकी कुणी सोबत येतंय का हेही बघितलं नाही. भर उन्हात, चेहरा तसाच उघडा, त्या शेजारच्या मिश्रीवाल्या बाईच्या दाराशी गेल्या आणि कडी वाजवायला लागल्या. दार उघडेना तर पुन्हा वाजवली, जोरात.

मी हातमोजे बदलले आणि त्यांच्या मागोमाग गेले.